यादीतली सतरावी सवय

“पण तुम्ही पट्टीचं नेमकं करता काय?” चित्रेसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

टेबलाभोवती चौदा नियंत्रक बसले होते. एरवी ही माणसं भरल्या आभाळात विमानं हजार फुटांच्या अंतरानं एकमेकांवरून सरकवत. त्या दिवशी मात्र तोंडी परीक्षेला आल्यासारखी ताठ बसली होती.

“मॅन्युअलमध्ये दिलंय तेच करतो,” पहिला म्हणाला.

“परिच्छेद नऊ,” दुसरा म्हणाला.

“नऊ आणि दहा,” तावड्यांनी भर घातली. तावड्यांना भर घालायची सवयच होती.

मी कोपऱ्यात बसून बैठकीचं टिपण घेत होते. ‘नियंत्रक परिच्छेद नऊप्रमाणे वागतात’ हे वाक्य मी तोवर अकरा वेळा लिहिलं होतं.

आमचं सरकारी खातं मोडून त्याचं महामंडळ होणार होतं. कागद जाऊन पडदे येणार होते. जिन्यात ‘उद्याचं आकाश, आजपासून’ असं पोस्टर लागलं होतं आणि त्याखालचा नळ नेहमीसारखाच गळत होता. चित्रे म्हणजे महामंडळानं पाठवलेला प्रकल्पप्रमुख. पस्तिशीचा, मऊ बोलणारा, चहा आणणाऱ्यालाही धन्यवाद म्हणणारा. त्याला वाईट म्हणायची सोय असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

पट्टी म्हणजे काय ते सांगते. बोटभर रुंद, वीतभर लांब कागद. एका विमानाची एक पट्टी. तिच्यावर विमानाचं नाव, उंची, कुठल्या ठिकाणावरून किती वाजता जाणार ते. ती प्लास्टिकच्या खाचेत बसवून नियंत्रकापुढच्या उतरत्या फळीवर लावायची. विमान पुढे सरकलं की पट्टीवर खुणा होत जातात आणि हद्दीबाहेर गेलं की पट्टी निघते. या पट्ट्या लिहायचं काम आम्हा सहायकांचं. आम्ही अकरा जण होतो, त्यांत बाया नऊ.

बैठक संपल्यावर चित्र्यांनी मला दारात गाठलं.

“ताई, हे सगळे खोटं बोलतायत ना?”

“खोटं नाही साहेब. घाबरून खरं बोलतायत.”

ते हसले. मग गंभीर झाले. “पडदा बनवणाऱ्यांना मी मॅन्युअल दिलं तर ते मॅन्युअलचा पडदा बनवतील. तुम्ही इथे किती वर्षं आहात?”

“सतरा.”

“मग मला एक यादी करून द्या. पुस्तकातलं काही नको. यांचे हात काय करतात तेवढंच लिहा.”

मी दहावी पास. वडील विमानतळाच्या बंबावर ड्रायव्हर होते. ते गेल्यावर एकोणिसाव्या वर्षी अनुकंपेवर लागले. स्वतःच्या डोक्यानं काही लिही, असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी आठ दिवस पाळीपाळीनं सगळ्यांच्या पाठीमागे उभी राहिले. सव्वीस सवयी निघाल्या. तावडे घाबरट आवाजाच्या वैमानिकाच्या पट्टीवर एक ठिपका देतात. रुग्ण नेणाऱ्या विमानाची पट्टी सगळे उजव्या हाताशी ठेवतात. मंत्र्याचं विमान असलं की पट्टीवर पेनाचं टोपण ठेवतात, म्हणजे विसर पडत नाही आणि आदरही होतो.

आणि सतरावी. तिच्यापुढे मी लिहिलं होतं : ‘विमानाचं काही काम बाकी असेल तर पट्टी बोटानं ढकलून तिरकी करतात. काम झालं की सरळ. पाळी बदलताना नवा माणूस आधी तिरक्या पट्ट्या बघतो, मग बाकीच्या. हे कुणी कुणाला शिकवत नाही. सगळे करतात.’

यादी मी पहिल्यांदा दाखवली ती डाबरेसरांना. त्यांना न दाखवता मी काही केलं नसतं.

अंतोन डाबरे. वसईचे. आमच्यातले सगळ्यांत जुने नियंत्रक. आवाज असा, की ऐकणाऱ्या वैमानिकाला घरी पोचल्यासारखं वाटावं. मी कामावर आले तेव्हा त्या वेळच्या अधिकाऱ्यानं मला चहावर ठेवलं होतं. सरांनी माझ्या हातची चहाची यादी बघितली आणि म्हणाले, “साहेब, चहा कुणीही करील. हिचं अक्षर बघा.” दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पेन होतं. आपलं जुनं मॅन्युअलही त्यांनी मला दिलं. त्यातलं इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, आणि अडलं की त्यांना विचारलं. एकदाही त्यांनी ‘नंतर’ म्हटलं नाही.

सर यादी वाचत हसत होते. “तावड्याचा ठिपका! मेल्याला वाटतं कुणाला ठाऊक नाही.” सतराव्यावर आले आणि थांबले.

“हे काढ.”

“का सर? हे तर सगळेच करतात.”

“म्हणूनच काढ. ठिपका, टोपण या गमती आहेत. हे काम आहे. आणि हे मॅन्युअलमध्ये नाही. लिहून दिलं की पहिला प्रश्न येणार, परवानगी कुणी दिली? वैद्यांचं विसरलीस?”

विसरले नव्हते. वैद्य आमच्याकडचे नियंत्रक. एका अहवालात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की गर्दी झाली की मी वेगळ्या वहीत टिपण ठेवतो. त्यांना ‘कारणे दाखवा’ आली. नियमाबाहेरची वही का? पुढचं वर्षभर ते विमानतळाच्या फाटकावर पास देत बसले होते.

“मग पडद्यात हे येणार नाही सर.”

“पडद्यात दुसरं काही असेल. एवढे हुशार लोक आहेत. मला तीन वर्षं राहिलीत, हेमा. ती मला फाटकावर नाही काढायची.”

त्यांनी पेन्सिल घेतली आणि सतराव्यावर एक रेघ ओढली. अगदी हलकी. सरांचा हात कधीच जड नव्हता.

मी पंचवीस सवयींची पक्की प्रत करून चित्र्यांना दिली. ते खूश झाले. “ताई, सोनं आहे हे!” आणि त्यांनी शब्द पाळला. नवा पडदा आला तेव्हा त्यात पंचवीसच्या पंचवीस गोष्टी होत्या. तावड्यांचा ठिपकासुद्धा होता. बटण दाबलं की उमटायचा.

पडदा लागून चार आठवडे झाले होते. मार्चमधला मंगळवार होता, दुपारचे दोन वाजत होते. कागदी पट्ट्या बंद झाल्या होत्या, पण आम्हा सहायकांना अजून हलवलं नव्हतं. विमानांची माहिती आता आम्ही टंकून पडद्यावर चढवत होतो. मी सरांच्या उजव्या हाताला बसले होते.

दक्षिणेकडून एक विमान चढत होतं. त्याला एकतीस हजार फुटांवर जायचं होतं. शेजारच्या केंद्राचा फोन आला, की त्यांच्याकडून एक विमान एकतीस हजारांवरूनच येतंय. म्हणजे चढणाऱ्याला तीस हजारांवर थोपवायला हवं. वैमानिकाला तसं सांगण्यासाठी सर बोलण्याचं बटण दाबणार, तेवढ्यात दुसराच वैमानिक मध्ये बोलायला लागला, मग तिसरा. सरांनी त्यांना उत्तरं दिली आणि ते देता देता हात पुढे करून पडद्यावरच्या त्या चढत्या विमानाच्या ओळीला बोटानं डावीकडे ढकललं.

मी ते बघितलं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी काच ढकलली. ओळ हलली नाही. आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. सतरा वर्षं जे बोट पट्टी तिरकी करताना बघितलं, ते पुढे गेलं, म्हणजे पट्टी तिरकी झालीच.

दोनच्या ठोक्याला तावडे आले. सर म्हणाले, “बाकी आहे ते समोर आहे, बघून घे,” आणि उठले. तावड्यांनी पडद्याकडे बघितलं. सगळ्या ओळी सरळ.

दोन्ही विमानं तीनशे फुटांवरून एकमेकांना ओलांडून गेली. विमानातल्या धोक्याच्या यंत्रानं वेळेवर ओरड केली म्हणून तीनशे तरी. एका विमानात कुणाच्या तरी अंगावर चहा सांडला, एवढंच झालं. चारशे माणसं संध्याकाळी आपापल्या घरी गेली आणि सरांना नियंत्रणाच्या खुर्चीवरून उठवलं.

चौकशी समिती बसली. नाडगौडा नावाचे हवाईदलातले निवृत्त अधिकारी अध्यक्ष. सरांचा परवाना राहायचा की कायमचा जायचा, ते त्यांच्या हातात. सरांनी घडलं तसं सांगितलं, की काम बाकी असलं की आम्ही पट्टी तिरकी करायचो, तशी मी केली, म्हणजे हातानं केली. समितीनं बाकीच्या तेरा जणांना एकेक करून विचारलं. तेराही जणांनी सांगितलं, की अशी काही पद्धत नव्हती. बिचारे काय करणार? परिच्छेद नऊखाली सह्या करून बसले होते.

“पट्टी सरळच असते,” तावडे म्हणाले म्हणे. “नऊ आणि दहा.”

म्हणजे डाबरेसर एकतर खोटारडे, नाहीतर भ्रमिष्ट.

माझी साक्ष होती त्याच्या आदल्या दिवशी सर मला पाण्याच्या यंत्रापाशी भेटले. आठ दिवसांत दाढी वाढली होती. ती पांढरी आहे हे मला तेव्हा कळलं.

“हेमा, ती पहिली यादी ठेवलीस की फाडलीस?”

“ठेवलीय सर. मी काही फाडत नाही.”

“हं.” त्यांनी कागदी पेला भरला. “चित्र्याच्या प्रतीत ते कलम नाही. तुझ्या यादीत आहे.”

“आहे ना. मी उद्या दाखवणार आहे. मग सगळ्यांची तोंडं बंद होतील.”

“माझी रेघ आहे त्याच्यावर.”

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यादी नाही दाखवली तर सर खोटे. दाखवली तर ठाऊक असून लपवलेले.

सर पाणी प्यायले. पेला चुरगळला. जाता जाता म्हणाले, “पेन्सिलीचीच होती ना?”

“हो सर.”

“हं,” म्हणाले आणि गेले.

पेन्सिलीचीच होती ना. इतकंच. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं, असं मला कुणाला सांगता येणार नाही.

चारला घरी आले. मुलगी शाळेतून आली होती, पोळीचा लाडू खात होती. तिच्या कंपासपेटीतून मी खोडरबर घेतला. रेघ दोन फटक्यांत गेली. तिसरा फटका मी खबरदारी म्हणून मारला. लेक म्हणाली, “आई, तू पण चुकतेस?” मी म्हटलं, “लाडू खा.”

माझा हिशेब साधा होता. रेघ गेली, की कच्च्या यादीत सव्वीस आणि पक्क्या प्रतीत पंचवीस. म्हणजे नक्कल करताना एक गळली. नक्कल करणारी कोण, तर मी. मला काय करतील? एखादा ताशेरा. अनुकंपेवरची दहावी पास बाई, तिच्याकडून एक कलम राहिलं, त्याचं कुणाला काय? सरांचा परवाना वाचेल. पेन ज्यानं दिलं त्याच्यासाठी एवढं करायला हरकत नव्हती. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात कुणाचं तरी काही होतं.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे सर एका बाजूला, चित्रे दुसऱ्या बाजूला. मी यादी पुढे केली. नाडगौडांनी सतरावं कलम मोठ्यानं वाचलं. खोलीत चुळबुळ झाली.

“हे तुम्ही केव्हा लिहिलंत?”

“प्रकल्पाच्या सुरुवातीला. चित्रेसाहेबांनी सांगितलं तेव्हा.”

“मग पक्क्या प्रतीत का नाही?”

“राहून गेलं साहेब. सोळावं लिहून झालं, पान उलटलं आणि पुढचंच धरलं.”

“पण पक्क्या प्रतीत सतरा आकडा आहे.”

“आकडे मी शेवटी घातले.”

हे मी घरून ठरवून आले नव्हते. आलं तोंडात. खोटं बोलायला इंग्रजीपेक्षा लवकर शिकता येतं.

चित्र्यांनी कागद मागून घेतला. जरा तिरपा धरून, उजेडात, बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं. पण त्यांनी तो तसाच परत टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मला मिळालेल्या प्रतीत हे नव्हतं, एवढंच माझं म्हणणं आहे.”

मग नाडगौडा सरांकडे वळले. “डाबरे, ही यादी तुम्ही आधी पाहिली होती?”

तेवढा वेळ मी खिडकीकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना खरं बोलायला सांगितलं नव्हतं. त्यांनी बोलावं म्हणून केलंही नव्हतं. तरी मी वाट बघत होते हे खरं.

“चाळली होती,” सर म्हणाले. वैमानिकांशी बोलायचे त्याच शांत आवाजात. “नीट वाचली नव्हती.”

“ठीक आहे,” नाडगौडा म्हणाले आणि लिहून घेतलं.

दीड महिन्यानं निकाल आला. सर निर्दोष. पट्टी तिरकी करणं हा ‘अनुभवी नियंत्रकांचा सुज्ञ प्रघात’ ठरला आणि पुढच्या पडद्यात त्याची सोय करावी, असा आदेश निघाला. तेरा नियंत्रकांना एकदम आठवलं, की आपण तसं करत होतो. चित्र्यांना दोष नाही, महामंडळाला नाही. घटनेचं मूळ कारण : ‘निम्नस्तरीय कर्मचाऱ्याच्या हातून नकलेत झालेली चूक.’ मला ताशेरा. इथवर माझा हिशेब बरोबर होता.

त्याच्या खाली एक शिफारस होती. ती मी तीनदा वाचली. इंग्रजी समजलं नाही म्हणून नाही. नियंत्रक आणि यंत्रणा यांच्यामध्ये नक्कल करणारा माणसाचा हात राहू नये, हे या घटनेनं सिद्ध झालं आहे. सबब सहायकांचा संवर्ग तातडीनं बंद करावा.

युनियननं तोवर आमची पदं दोन वर्षं धरून ठेवली होती. ‘सहायकांमुळे कधी चूक झाल्याचं एक उदाहरण दाखवा’, हे त्यांचं पालुपद होतं. ते उदाहरण मी माझ्या वळणदार अक्षरात नेऊन दिलं होतं.

अकराही जणांच्या बदल्या निघाल्या. मला गावातच मालाच्या गोदामावर टाकलं. कोण कुठे दिल्लीकडे, कोण कुठे दक्षिणेला. जैबुन परकारला ईशान्येकडचा एक विमानतळ मिळाला. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा बोटीवर. तिनं बदलीच्या आदेशावर राजीनामा लिहून दिला. अठरा वर्षांची नोकरी.

सर मला त्यानंतर एकदा जिन्यात भेटले. “हेमा, तू जे...” म्हणाले. वरून कुणीतरी उतरत होतं. “तब्येत सांभाळ,” म्हणाले. दोनेक वर्षांनी त्यांचा निवृत्तीचा समारंभ झाला. मला पत्रिका आली होती. मी गेले नाही.

पण सांगायचं आहे ते आमच्या शेवटच्या दिवसाचं. एकोणीस वर्षं झाली, तरी तोच दिवस पुढे येतो. सहायकांच्या खोलीत आम्ही अकरा जण आवराआवर करत होतो. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. भांडतही नव्हतं. सावंतबाईंनी माझा कप चुकून उचलला, तो न बोलता परत ठेवला. मी खण रिकामा करत राहिले. माझ्या शेजारी येऊन जैबुन बसली. घरून तांदळाच्या रव्याची गोड सांदणं करून आणली होती. डबा उघडला, आणि उघडा तसाच मांडीवर ठेवला.

“हेमा, एक विचारू? रागावू नकोस.”

“विचार.”

“खरंच राहून गेलं गं?”

खोलीतली खुडबुड थांबली. बाकी नऊ माना माझ्याकडे वळल्या नाहीत, पण कान माझ्याकडेच होते. खरं सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? की चूक झालीच नव्हती? की एका माणसासाठी मी तुम्हा दहा जणांची पदं दिली, आणि देताना मला ते दिसलंही नाही?

“हो,” मी म्हटलं.

“पान उलटताना?”

“पान उलटताना.”

जैबुननं मान हलवली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. “होतं गं. माझ्याकडूनही झालं असतं. रोज दोनशे दोनशे पट्ट्या लिहिल्या, एक दिवस नजर घसरणार नाही? मी या सगळ्यांना तेच सांगितलं. म्हटलं, तिनं काय मुद्दाम केलंय? मुद्दाम केलं असतं तर मी तिचं तोंड बघितलं नसतं.”

पलीकडून सावंतबाई म्हणाल्या, “खरं आहे बाई. माणूस म्हटलं की चुकणारच.” त्यांनी माझा कप पुसला आणि माझ्या पिशवीत घातला. मग एकेक जण उठून आमच्याजवळ आलं. कुणी खुर्ची ओढली, कुणी टेबलाला टेकलं. जैबुननं पहिलं सांदण माझ्या हातात दिलं.

“खा.”

मी खाल्लं. गोड होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली, ती थांबेना.

जैबुननं आपल्या ओढणीनं माझं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. “ए वेडे, नोकरी माझी गेली आणि रडतेस तू? पुरे कर. लोकांना वाटेल, तूच काहीतरी केलंस.”